कडेची पट्टी

३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा आहेस असं धरून चालते. वहिनीचा गुडघा कसा आहे? मागे तिने सांगितलं होतं की जिना चढताना कट्‌कन वाजतो आणि तू म्हणतोस तेल लाव. दादा, बिजागरीचं औषध माणसाला चालत नाही. डॉक्टरला दाखव तिला.

मी ठीक आहे. सकाळी उठते, ऑफिसला जाते, परत येते, भांडी घासते, झोपते. डिसेंबरअखेर निवृत्त होते आहे. ऑफिसातले लोक आत्तापासून "ताई, आता मजा आहे तुमची" म्हणतात. कसली मजा ते कुणी सांगत नाही. माझी खुर्ची कुणाला मिळणार यावरून मात्र दोघांची धुसफूस सुरू झाली आहे, आणि त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे दोघांनाही माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही.

फोनच करणार होते. पण मी आराखड्याचं नाव काढलं की तू फोन वहिनीच्या हातात देतोस आणि मग आम्ही दोघी हवापाण्यावर बोलत बसतो. म्हणून कागद घेतला. निदान तो फाडायला तरी तुला उघडावा लागेल.

तर आपल्या गावाचा नवा विकास आराखडा जाहीर झाला. पुढच्या वीस वर्षांचा. मागचाही वीसचाच होता, तो आम्ही सत्तावीस वर्षं रेटला, कारण नवा करायला कुणाला सवड नव्हती. या खेपेला कंपनीची माणसं आली होती. आठवडाभर राहिली, दोनदा पोट बिघडवून घेतलं आणि गेली. त्यांच्या हिशेबाने वीस वर्षांत आपलं गाव एक लाख चाळीस हजारांचं होणार आहे. आज आहोत अडतीस हजार, आणि त्यातले निम्मे बाहेर पडायची संधी शोधतायत. जे गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं लागतात, त्याला बाह्यवळण रस्ता दाखवलाय. कुठून कुठे वळायचं देव जाणे!

परवा लोकांसाठी सभा झाली. दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं आली अकरा, त्यातले सात आम्हीच ऑफिसचे. साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, झाडं, बाकं, बाकांवर गोरीगोमटी माणसं. सगळं संपल्यावर बाजारातला न्हावी उठला आणि म्हणाला, "साहेब, सगळं झकास आहे. फक्त माझ्या दुकानापुढचं गटार या वीस वर्षांत धरलंय की पुढच्या?" साहेबांनी लिहून घेतलं. मला हसू आलं नाही रे. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या सभेत त्याच्या बापाने त्याच गटाराचं विचारलं होतं.

मागच्या आराखड्यात एकेचाळीस आरक्षणं होती. बाग, नाट्यगृह, मोठं बस स्टँड, काय काय. आरक्षण म्हणजे काय हे तुला मी शिकवायला नको. जागा तुमची, पण तिचं नाव दुसऱ्या कामाला लिहिलेलं. वर मजला चढवायचा नाही, विकायची नाही, बँकेच्या दारात उभं राहायचं नाही. त्या एकेचाळिसातली तीन झाली. पाण्याची टाकी, मंडईवरचं छप्पर आणि स्मशानाची वाढीव जागा. तिसरं झालं ते लोक थांबायला तयार नव्हते म्हणून.

आता तुझ्या जागेचं बोलते. फोन असता तर इथे तू उठून गेला असतास.

जुनी आरक्षणं नव्या नकाशात जशीच्या तशी उचलली आहेत. आरक्षण क्रमांक सतरा, खेळाचं मैदान, म्हणजे तुझी शेड आणि शेजारची चार घरं. विमानातून काढलेल्या फोटोत ती स्पष्ट दिसतात. तुझ्या शेडचा पत्रा गंजून लाल झालाय, तोसुद्धा दिसतो. पण पाचही जागांवर फुल्या मारून "नंतरचे अनधिकृत बांधकाम" असं लिहिलंय. का, तर जुन्या नकाशात तिथे मोकळी जमीन आहे! या वेळी मैदानाला खरोखरच निधी आला आहे, त्यामुळे पाडापाडीही खरीच होईल. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई मला रोज रस्त्यात गाठतात. इतकी वर्षं दुरुस्तीची परवानगी नाही म्हणून बाईने छतावर ताडपत्री टाकून दिवस काढले. त्यांना मी काय सांगू?

हरकत घ्यायची मुदत एकतीस तारखेपर्यंत आहे. फॉर्म सोबत जोडला आहे. खुणा केल्या आहेत तिथे सह्या कर आणि उलट टपाली पाठव. सुनावणी बारा नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता, नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर. मालकाला स्वतः यावं लागतं. तुझी सर्वांत मोठी जागा, तू उभा राहिलास तर बाकीच्या चौघांना बळ येईल.

आणि एक. त्या वेळी मोजणी झाली तेव्हा तुझी शेड उभी होती, हे दाखवणारा जुना कागद मिळाला आहे. पक्का पुरावा आहे. कुठून मिळाला ते भेटीत सांगेन.

सही करशील ना? नाही म्हणू नकोस.

तुझी
ठिपकी


१२ ऑक्टोबर

ठिपके,

पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा तसाच आहे. डॉक्टरला दाखवलं, त्याने जिना चढू नका सांगितलं. आम्ही राहतो वरच्या मजल्यावर.

फॉर्म कोराच परत पाठवतोय.

पुरावा कुठून मिळाला ते भेटीत सांगणार म्हणे. मी दूधखुळा आहे का? मोजणीचा कागद मोजणीदाराकडेच असणार. साखळ्या अजून आहे म्हणायचा.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण तू विसरल्यासारखं करतेस. शाळेपासून माझ्या ताटात जेवलेला माणूस तो. त्याने तुझ्यासाठी विचारलं, मी नाही म्हणालो. उन्हातान्हात साखळी ओढत फिरणाऱ्याच्या घरी बहीण द्यायची नव्हती मला, तोंडावर सांगितलं. त्यानंतर आराखडा आला, आणि ज्या नकाशावर मोजणी म्हणून त्याचं नाव, त्यात माझी शेड नाही! गावातलं प्रत्येक डबडं मोजलं त्याने, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा. फक्त माझ्याच गल्लीत डोळे फुटले होते का? भर बाजारात गचांडी धरली तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. निर्दोष माणूस असा मुखदुर्बळ होतो का, तूच सांग.

दोन वर्षं अर्ज करून चपला झिजवल्या. मग चंबूगबाळं आवरून इथे आलो. दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याची दारं केली. आता चौसष्ट चालू आहे, हात थरथरतो. जागा गेली तर जाऊ दे. पण त्या माणसाच्या कागदावर माझी जागा सुटायची असेल तर मला ती नको. त्याच्यासमोर मी बसणार नाही.

तू यात पडू नकोस. शेवटचे दोन महिने राहिले आहेत, गुपचूप सही करून बाहेर पड आणि इकडे ये राहायला. एकटीने तिथे काय करणार आहेस? मागची खोली रिकामी केली आहे. दार नवीन बसवलं, मीच केलं. थोडं घासतं, पण बसेल.

दादा


१८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. अजून तीच सुतारी पेन्सिल वापरतोस, अक्षरं बोटाला लागतात. शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि कागद घडी करून डब्यात टाकला. दोन दिवस तो डबा उघडला नाही. त्या खोलीत यायचं तर आधी हे लिहायला हवं, आणि हे लिहिल्यावर खोली राहील का माहीत नाही. तीन कागद फाडून झाले, हा चौथा. आता फाटला तरी पाठवणार.

साखळ्याने तुझी शेड वगळली नव्हती. मी वगळली.

थांब, उठू नकोस. सगळं वाच.

त्या वेळी गाव आठ तक्त्यांवर मोजलं होतं. आठ मोठे कागद, शेजारी शेजारी ठेवले की पूर्ण गाव. ते मी एकापाठोपाठ एक ट्रेसिंगच्या कापडावर उतरवून एकच मोठा नकाशा करायचा, हे माझं काम. प्रत्येक तक्त्याच्या कडेला दोन बोटं रुंदीची पट्टी असते, ती शेजारच्या तक्त्यावरही पुन्हा काढलेली असते, म्हणजे जोडताना चूक होऊ नये. ती पट्टी एकाच तक्त्यावरून उतरवायची, नाहीतर घरं दुप्पट होतात. साधी गोष्ट आहे. मी नेहमी आधीच्या तक्त्याची पट्टी शेवटी घ्यायचे, मगच पुढचा तक्ता उघडायचे.

चौथा तक्ता जवळजवळ संपला होता. कडेची पट्टी तेवढी बाकी होती. आणि त्या संध्याकाळी तू साखळ्याला नाही म्हणालास.

तू मला विचारलं होतंस, आठवतं? पायरीवर बसून, "तुझं काय म्हणणं आहे?" आणि मी म्हणाले, "तू म्हणशील तसं." दादा, मला तो हवा होता. एवढे चार शब्द मला बोलता आले नाहीत. एकतिशीची घोडी झाले होते, नोकरी करत होते, पण भावासमोर तोंडाला कुलूप. आज हे लिहितानाही कान तापलेत. नाही म्हणालास हा दोष तुझ्यावर टाकत नाही. तुला वाटलं माझं मन नाही, आणि तसं वाटेल असंच मी वागले.

दुसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून ऑफिसला कळवलं. ताप कसला, भिंतीकडे तोंड करून आठ दिवस पडून होते. परत आले आणि सरळ पाचवा तक्ता उघडला. चौथ्याची पट्टी झालीच असेल असं धरलं. पाचव्यावरची अर्थात घेतली नाही. दोन बोटं रुंद जागा, नकाशावर. जमिनीवर पाच इमारती आणि एक सार्वजनिक नळ.

मोठ्या ऑफिसातून साहेब आले. मैदानाला जागा हवी होती. नकाशावर बोट फिरवत फिरवत थांबले आणि म्हणाले, "हे बघा, इथे मोकळं आहे. गावात एवढी छान मोकळी जागा आणि तुम्ही म्हणता जागा नाही!" मी तिथेच उभी होते, हातात फूटपट्टी घेऊन. मला तेव्हा काही खटकलं नाही. साहेबाचं बोट मोठं होतं, आणि मला घरी जायची घाई होती.

खटकलं रंग भरताना. मैदानाला हिरवा. ब्रश ओला करून अर्धा चौकोन भरला आणि गल्लीचं वळण दिसलं, नळाच्या कोपऱ्यावरचं, जिथे तू सायकलवरून मला पाडलं होतंस. त्या वळणाच्या आत तुझी शेड असायला हवी होती. ब्रश खाली ठेवला. मग उचलला आणि उरलेला अर्धा भरला, कारण रंग अर्ध्यावर वाळला की डाग पडतो. काय सांगू तुला, त्या क्षणी मला डागाची काळजी होती.

माझा नोकरीत कायम होण्याचा कागद त्याच साहेबांच्या सहीसाठी अडकला होता. पाच वर्षं रोजंदारीवर काढली होती मी. चुकून काढलेली रेघ असती तर ब्लेडने खरवडून टाकली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण अख्खी पट्टी राहिली म्हटल्यावर नकाशा पुन्हा करावा लागला असता, तारीख पुढे गेली असती, आणि कोणामुळे ते विचारलं गेलं असतं.

मी साखळ्याला सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार? त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "रडू नकोस. आता तीस दिवस हरकतींचे आहेत. दादाला सांग, तो हरकत घेईल, मी माझी मोजणीची वही पुढे करतो. राहून गेलं म्हणायचं, कुणी कुणाला फासावर देत नाही. मीच गेलो असतो त्याच्याकडे, पण मला तो दारात उभं करणार नाही. तू सांग." मी हो म्हणाले.

सव्विसाव्या दिवशी तुझ्याकडे आले होते. पेपरातली नोटीस कापून पर्समध्ये ठेवली होती. तू रंधा मारत होतास, शेडभर भुसा. मला बघून खूश झालास. खडूने जमिनीवर रेघा मारल्या होत्यास, नवं मशीन इथे, लाकूड तिथे, बाहेरून जिना. मग वर बोट दाखवून म्हणालास, "आणि वरती तुझी खोली. पूर्वेला खिडकी ठेवतो. म्हणजे तुझं लग्न जमो न जमो, कुणाच्या दारात उभं राहायला नको." वहिनीने चहा आणला. मी चहा प्याले. तू दोनदा विचारलंस, "ठिपके, काही बोलायचं होतं का?" मी म्हणाले, "नाही, सहज आले."

सहज!

नोटीस पर्समधून तशीच घरी आली. उद्या सांगू, परवा सांगू. मग चार दिवस संपले. साखळ्याने विचारलं, "सांगितलंस ना?" मी म्हणाले, "सांगितलं. त्याने हरकत दिली आहे." त्याच्याशी खोटं बोलले ते एवढंच, पण पुरलं आयुष्यभर.

त्याला खरं कळलं ते तू बाजारात त्याची गचांडी धरलीस तेव्हा. "कशाला वगळलंस?" म्हणून तू ओरडत होतास, पन्नास माणसं जमली होती. मी वर ऑफिसच्या खिडकीत होते. त्याने तुझ्याकडे बघितलं नाही, वर माझ्याकडे बघितलं. एवढंच बघितलं, दादा, आणि मान खाली घातली. एक शब्द बोलला असता तर मी संपले असते. तू विचारतोस ना, निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? बसतो. मी बघितलाय.

त्यानंतर त्याने मला कधी विचारलं नाही, की तू खोटं का बोललीस. जिन्यात भेटला तर "काय ताई" म्हणायचा. पूर्वी ताई म्हणत नव्हता.

तुला अजून एक सांगते. तू जो नकाशा बघितलास, त्याच्या खालच्या कोपऱ्यात चौकट आहे. पहिल्या ओळीत मोजणी, त्याचं नाव. तुझं रक्त तिथेच तापलं आणि तू पुढे वाचलं नाहीस. दुसऱ्या ओळीत ट्रेसिंग, आणि समोर माझी सही. सत्तावीस वर्षं तो नकाशा नगरपालिकेच्या जिन्यात काचेत लावलेला आहे. रोज त्याच्यासमोरून मी वर जाते. कुणीतरी दुसरी ओळ वाचेल म्हणून पहिली काही वर्षं जीव मुठीत धरून चढायचे. नंतर वाटायला लागलं, वाचा रे कुणीतरी एकदा. कोण वाचतंय! आता काच इतकी मळली आहे की मलाच दिसत नाही.

तू गाव सोडलंस तेव्हा स्टँडवर मी आले होते. तू म्हणालास, "तू आहेस तोवर इथे माझं कुणीतरी आहे." मी मान हलवली.

किती थकवा आलाय हे लिहून. मध्ये उठून पाणी प्याले.

मागच्या महिन्यात नवा आराखडा लागला आणि चौथ्या दिवशी साखळ्या ऑफिसात आला. काठी टेकत, जिना मोजत. त्याला आता दिसत नाही, प्रकाश तेवढा कळतो. पोरंबाळं नाहीत, बहिणीकडे असतो. माझ्या टेबलाचा अंदाज घेत आला आणि कापडात गुंडाळलेली वही पुढे ठेवली. मोजणीची वही. तुझ्या शेडची चारही मापं आहेत तिच्यात, दाराची दिशासुद्धा, तारखेसह. चार घरांचीही आहेत. इतकी वर्षं सांभाळून ठेवली. मी म्हणाले, "बस, चहा सांगते." तो म्हणाला, "चहा नको. या वेळी मुदतीत सांग." आणि गेला. एवढंच बोलला.

तरीही तुला मागचं पत्र मी कसं लिहिलं ते बघ. गुडघा, न्हावी, गटार, आणि "कुठून मिळाला ते भेटीत सांगेन." वाटलं, तू नुसती सही केलीस तर निभावून जाईल, जागाही सुटेल आणि मीही. तू फॉर्म कोरा पाठवलास ते बरं केलंस.

काल सकाळी मी लेखी जबाब दिला. चौथ्या व पाचव्या तक्त्यामधली पट्टी ट्रेसिंग करताना माझ्याकडून राहिली, हे मला त्याच वेळी समजलं होतं, मोजणीदाराचा यात दोष नाही, खाली सही. नव्या साहेबांनी दोनदा वाचला. भला माणूस आहे, मला मुलगा असता तर याच्याच वयाचा असता. म्हणाला, "ताई, दोन महिने राहिलेत. वही एकटी पुरेशी आहे, 'समजलं होतं' हे वाक्य काढा ना. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल." मी म्हणाले, "वही एकटी पुढे केली तर लोक पुन्हा त्यालाच विचारतील, की तेव्हा का दाखवली नाहीस." साहेबांनी आवक नोंदवहीत क्रमांक टाकला. त्यामुळे आता मला मागे फिरता येत नाही. मुद्दाम आधी तेच केलं, मग तुला लिहायला बसले, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही.

फॉर्म पुन्हा जोडते आहे. हरकतीला मालकाची सही लागते, माझी चालत नाही. एकतीस तारखेच्या आत पोचू दे. माझ्यावरचा राग फॉर्मवर काढू नकोस. पुढची वीस वर्षं ना तुझ्याकडे आहेत, ना शिंपीणबाईंकडे, ना माझ्याकडे.

जागा सुटली तरी तुझी ती दारं, ते मशीन, पूर्वेची खिडकी, त्यातलं मी काही परत देऊ शकत नाही. माफ कर असंही लिहवत नाही. सत्तावीस वर्षं उशिरा कुणी माफी मागितली तर मीही दिली नसती. पण तुझा एक माणूस मी तुझ्यापासून तोडला, तो अजून आहे. तेवढा परत घे.

बारा तारखेला तो अकराच्या आधीच येऊन बसेल, त्याची सवय आहे. जिन्याच्या वरच्या बाकावर, वही मांडीवर घेऊन. त्याला तू आलास हे दिसणार नाही. शेजारी जाऊन बसलास तरी कळणार नाही. तुलाच बोलावं लागेल, दादा. आधी तूच बोल. आमच्या दोघांच्यात गप्प बसण्याचा हिशेब फार झाला.

मी त्या वेळी आत असेन, चौकशीच्या खुर्चीत. दार उघडं ठेवतात.

दर पत्राखाली तू मला दिलेलं नाव लिहिते, लहानपणी शाईच्या बोटांनी तोंड रंगवून घेतलं म्हणून ठेवलेलं. आज लिहीत नाही. ते तुझं आहे, तुझ्याकडेच ठेव. त्या दिवशी उघड्या दारातून हाक मारावीशी वाटली तर मार. मी वळून बघेन.

तुझी बहीण